एलिझाबेथ पॅकार्ड

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१६ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी एलिझाबेथचा जन्म झाला. तिला उत्तम शिक्षण लाभले व काही काळ तिने शिक्षिकेचे कामही केले. १८३९ मध्ये वयाने बरेच वडील असलेल्या थिओफिलस पॅकार्ड या धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला. पुढे हे कुटुंब इलिनॉय राज्यातील मँटीनो गावी स्थायिक झाले. सहा मुलांचा संसार तिने निष्ठेने सांभाळला.

परंतु धर्माविषयी ती स्वतंत्र बुद्धीने विचार करू लागली आणि पतीला न पटणारी आपली मते चारचौघांत निर्भयपणे मांडू लागली. एवढाच तिचा अपराध! त्या राज्याच्या १८५१ च्या कायद्यान्वये, वेडाचा पुरावा नसतानाही केवळ पतीच्या विनंतीवरून विवाहित स्त्रीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येत असे. त्याच आधारे १८ जून १८६० रोजी तिला जॅक्सनव्हिल येथे नेण्यात आले. त्या वेळी तिचे धाकटे मूल अवघे दीड वर्षाचे होते.

तेथे तिने तीन वर्षे काढली. पण आपली मते सोडली नाहीत. आपल्यासारख्याच शहाण्या स्त्रिया तेथे कोंडलेल्या तिने पाहिल्या व गुप्तपणे लेखन केले. १८६३ मध्ये ती घरी परतली, तो पतीने तिला खोलीत कोंडून खिडक्या खिळ्यांनी बंद केल्या. तिची चिठ्ठी कशीबशी बाहेर पोचली आणि प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी १८६४ मध्ये कँककी येथे बारा पंचांनी अवघ्या सात मिनिटांत ती शहाणी असल्याचा निर्णय दिला.

ती जिंकली, परंतु पती मुलांना व चीजवस्तू घेऊन मॅसॅच्युसेट्सला निघून गेला होता. मुलांवर वा मालमत्तेवर विवाहित स्त्रीचा हक्क त्या काळी कायदा मानीत नसे.

ती खचली नाही. स्वतःची पुस्तके विकून तिने चरितार्थ चालविला आणि विधिमंडळांचे दरवाजे ठोठावले. १८६७ साली इलिनॉय राज्यात पंचांसमोर चौकशी झाल्यावाचून कोणासही वेडे ठरवून कोंडू नये, असा कायदा झाला. १८६९ मध्ये तिला आपली अल्पवयीन मुले परत मिळाली. १८७२ साली आयोवा राज्यात रुग्णांच्या पत्रव्यवहारास कायद्याचे संरक्षण लाभले. १८९७ मध्ये शिकागो येथे तिचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, स्वतःची सुटका झाल्यावर ती स्वस्थ बसू शकली असती. मागे राहिलेल्या भगिनींना ती विसरली नाही, यातच तिचे मोठेपण आहे.