रेव्हरंड ना. वा. टिळक : धर्मांतर आणि अभंगपरंपरा

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेले बायबल त्यास निमित्त झाले. या निर्णयाची किंमत घरानेही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांच्या चरित्रातील खरा पेच मात्र यानंतर सुरू होतो. मराठी ख्रिस्ती माणसाने ईश्वराला कोणत्या वाणीने आळवावे? त्या काळी मंडळ्यांच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांचा भरणा होता. ती मराठी मनाला परकी वाटत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे हा बदल केवळ प्रचाराचे साधन नव्हता. (‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदाने त्यांच्या कार्याचे हे अंग काहीसे झाकोळले, हे मान्य करावे लागते.)

१९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. मिशनच्या चौकटीत हे सहज बसणारे नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले.