हात मोडणारं हँडल गेलं आणि गाडीला सेल्फ आला, तो या माणसामुळे

ट्रकचं इंजिन उतरवायचं म्हटलं की मिस्त्री सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढतो. मग स्टार्टरची, अल्टरनेटरची. प्रत्येक वायरीला खूण करून ठेवतो, कारण दुसरं इंजिन बसवल्यावर तीच वायर त्याच जागी जायला हवी. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी जोडायची राहिली, तर सेल मारल्यावर नुसता कट कट आवाज येतो.

वायरींचं हे जाळं गाडीत आलं कुठून? त्याचं उत्तर शोधताना चार्ल्स केटरिंग हे नाव टाळताच येत नाही.

केटरिंग यांचा जन्म १८७६ सालचा, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका शेतकरी घरातला. डोळे लहानपणापासून अधू. त्यापायी कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केलं. पुन्हा कॉलेजला जाऊन १९०४ साली ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातला गल्ला मोजणारी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्यांनी हे मशीन विजेवर चालवून दाखवलं आणि एक गोष्ट हेरली. मोटर दिवसभर चालवायची नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर छोटी मोटरही पुरते.

तेव्हा गाडी हँडल मारून चालू व्हायची. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, कधी जबडा फुटायचा. गाड्या बनवणारे बायरन कार्टर १९०८ साली असाच फटका बसून गेले, असं सांगितलं जातं. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड हे त्यांचे मित्र. हँडल घालवायचंच, असं लेलँड यांनी ठरवलं.

केटरिंग आणि त्यांचे सहकारी एडवर्ड डीड्स यांनी डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम सुरू केलं होतं. त्यातूनच १९०९ साली डेल्को कंपनी उभी राहिली. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असं अनेक जाणकार म्हणत. केटरिंग यांनी कॅश रजिस्टरचा धडा इथे वापरला.

खरी कमाल पुढे होती. इंजिन चालू झालं की तीच मोटर डायनामो बनायची आणि बॅटरी चार्ज करायची. बॅटरीवर दिवे आणि इग्निशन चालायचं. स्टार्टर, चार्जिंग, दिवे, इग्निशन या चार गोष्टी एका वायरिंगमध्ये बांधल्या गेल्या. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ही यंत्रणा आली आणि मनगटात जोर नसणाऱ्यालाही गाडी एकट्याने चालू करता येऊ लागली.

पुढे केटरिंग यांनी १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सचं संशोधन सांभाळलं. पण याच काळात त्यांच्या हाताखाली पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा शोध लागला. १९२४ साली ते बनवणारे कामगार विषबाधेने दगावले. तरीही केटरिंग शिशाच्या बाजूनेच उभे राहिले. गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसं जगभरातून हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडलं.

१९५८ साली केटरिंग वारले. हँडलपासून लाखो हात वाचवणारा आणि लाखो श्वासांत शिसं मिसळायला हातभार लावणारा माणूस एकच होता.

आज सेन्सर आले, वायरी शेकड्यांनी वाढल्या. पण इंजिन बदलल्यावर मिस्त्री पहिल्यांदा सेल मारतो आणि इंजिन घुमतं, तेव्हा कामाला येते ती केटरिंग यांनी बसवलेली घडीच.