माधवराव आणखी जगते तर…

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, हे वाक्य शाळेच्या वर्गापासून व्याख्यानमालेच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते उच्चारणारेच पुढच्या क्षणी पानिपतावर काय घडायला हवे होते, याची चर्चा रंगवितात. यात दांभिकता नाही. एखाद्या घटनेचे कारण अमुक होते असे म्हणताना, ते कारण नसते तर ती घटना घडली नसती, असे आपण गृहीतच धरीत असतो. म्हणजे ‘जर-तर’ हा कार्यकारणभावाचाच दुसरा चेहरा आहे. प्रश्न एवढाच, की तो विचारताना काही शिस्त पाळावयाची की मनोराज्यात रमावयाचे.

मराठी मनाने असे दोन ‘जर’ विशेष जपले आहेत. पहिला पानिपतचा: विश्वासरावांना गोळी लागली नसती तर! जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तो कल्पकतेने मांडला. दुसरा थेऊरचा: थोरले माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर! रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ या १९६२ मधील कादंबरीने ही हळहळ घरोघरी पोचविली. परंतु हे दोन्ही ‘जर’ एकाच वेळी खरे होऊ शकत नाहीत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. विश्वासराव हे नानासाहेबांचे थोरले चिरंजीव. ते जगले असते तर पेशवाईची वस्त्रे त्यांच्याकडे गेली असती आणि माधवराव धाकटे बंधू म्हणूनच राहिले असते. ज्या पराभवाचे दुःख आपण करतो, त्याच पराभवाने माधवरावांना इतिहासात आणले.

माधवरावांचा जन्म १७४५ च्या फेब्रुवारीत सावनूर येथे झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्याने खचलेल्या नानासाहेबांनी जूनमध्ये पर्वतीवर देह ठेवला आणि जुलैमध्ये सोळा वर्षांच्या माधवरावांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. वारसा काय होता? कर्जात बुडालेला खजिना, कर्त्या सरदारांची एक पिढी गमावलेले सैन्य, दक्षिणेत डोके वर काढणारे निजाम अली व हैदर अली आणि घरात सत्तेसाठी आसुसलेले चुलते रघुनाथराव.

पहिला प्रहार घरातूनच आला. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगाव येथे चुलत्या-पुतण्यांची सैन्ये समोरासमोर उभी राहिली. रघुनाथरावांना निजामाचे पाठबळ होते. आपसांतील युद्ध लांबले तर राज्यच बुडेल, हे ओळखून माधवराव स्वतःहून चुलत्याच्या स्वाधीन झाले. सत्ता गेली, मान गेला. पण दौलत फुटली नाही. पुढच्याच वर्षी निजामाच्या फौजांनी पुणे जाळले, तेव्हा १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे लढाई झाली. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले असता माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडविले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. अठरा वर्षांच्या पेशव्याचा शब्द त्या दिवसापासून दरबारात चालू लागला.

पुढील नऊ वर्षांच्या हकिकतीत मोहिमांची गर्दी आहे. परंतु माधवरावांचे वेगळेपण कारभारात अधिक दिसते. रयतेला पिळून काढणाऱ्या वेठबिगारीला त्यांनी आळा घातला. कामगारांचे हिशेब कसोशीने तपासले. न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह पुरुष होता व त्याच्या निवाड्यामागे पेशव्याचे वजन उभे राहत असे. नाना फडणीस आणि हरिपंत फडके याच शिस्तीत तयार झाले. शिंद्यांच्या दौलतीच्या वादात महादजींना त्यांचा आधार मिळाला. पारख करून माणसे उभी करणे, हे राज्यकर्त्याचे पहिले काम त्यांनी फार लवकर ओळखले होते.

रघुनाथरावांचा उपद्रव मात्र संपला नव्हता. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत त्यांना पकडून माधवरावांनी शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. पुढच्या वर्षी नागपूरकर जानोजी भोसल्यांना कनकापूरच्या तहाने नमविले. हैदरावर तर त्यांनी स्वतः तीन वेळा स्वारी केली. १७६९ मध्ये उत्तरेकडे निघालेल्या फौजेने १७७१ च्या फेब्रुवारीत दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम इंग्रजांचा आश्रय सोडून मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. पानिपताला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती.

पण याच सुमारास शरीराने दगा दिला. क्षयाने पोखरलेले माधवराव तिसरी कर्नाटक मोहीम त्रिंबकराव पेठे यांच्यावर सोपवून १७७० मध्ये परतले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने शोधला तो १८८२ मध्ये. रोगावर गुणकारी औषध यावयास विसावे शतक निम्मे सरावे लागले. तेव्हा वैद्यकाने त्यांना वाचविले असते, हा ‘जर’ त्या काळात बसतच नाही. अखेरच्या दिवसांतही त्यांना कर्जफेडीची व धाकट्या नारायणरावाची चिंता होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला चिंतामणीच्या देवळात त्यांनी प्राण सोडला. रमाबाई सती गेल्या.

हे आयुष्य पंधरा-वीस वर्षांनी वाढले असते तर? येथे शिस्त अशी हवी, की बदलावयाची ती एकच गोष्ट. आणि हिशेबात धरावयाचे ते केवळ त्या घडीला खरोखर चालू असलेले. त्या कसोटीवर काही अनुमाने टिकतात. रघुनाथराव नजरकैदेत राहिले असते. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला नसता. १७७५ चा सुरतेचा तह करून इंग्रजांकडे मदत मागणारा दावेदारच उरला नसता. साष्टी व वसईवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा होता; त्यांचा वकील मॉस्टिन १७६७ मध्ये पुण्यास आला, पण माधवराव बधले नाहीत. पुण्यात वारसाचा घोळ चालू असतानाच, १७७४ च्या डिसेंबरात, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. माधवराव गादीवर असते तर हे धाडस त्यांना महागात पडले असते. पानिपतही मराठी राज्याला या मृत्यूहून अधिक घातक ठरले नाही, असा अभिप्राय ग्रँट डफने दिला, तो या क्रमामुळेच.

परंतु याच कसोटीवर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बंगालची दिवाणी कंपनीला १७६५ मध्येच मिळाली होती. त्या महसुलावर पोसले जाणारे सैन्य आणि समुद्रावरील प्रभुत्व थेऊरच्या मृत्यूवर अवलंबून नव्हते. सरंजाम वंशपरंपरागत होत चालले होते आणि सरदारांचे हितसंबंध पुण्यापासून दूर सरकत होते. माधवरावांचे बहुतेक बळ निजाम, हैदर व घरभेद यांत खर्ची पडले. इंग्रजांविरुद्ध या सत्तांची मोट ते पुढे बांधते, असे मानण्यास त्यांच्या चरित्रात भक्कम आधार नाही. आणखी वीस वर्षांनी कदाचित १८१८ लांबले असते. ते टळलेच असते असे म्हणणे धाडसाचे होईल.

पेशव्यांची निवड एके काळी छत्रपतींच्या पारखेवर होत होती. १७२० मध्ये शाहू महाराजांनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला वस्त्रे दिली, तेव्हा पित्याच्या कर्तृत्वाइतकाच मुलाचा वकूबही पाहिला होता. पुढे ते पद घराण्याचे झाले. त्याच नियमाने माधवराव गादीवर आले आणि त्याच नियमाने १७९६ मध्ये रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव आला, ज्याने १८०२ मध्ये वसईच्या तहावर राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले. एका घराण्यात कर्ता पुरुष निपजणे हा नशिबाचा भाग. त्याच्या माघारी राज्य चालविणारी रीत निर्माण करणे हा शहाणपणाचा. नाना आणि महादजी यांनी पुढे वीस वर्षे दौलत सावरून धरली, यावरून माधवरावांनी घडविलेली माणसे किती मोलाची होती हे कळते. परंतु ती माणसेही एकेक करून गेली आणि त्यांची जागा घेणारी पिढी घडविण्याची सोय कोठेच नव्हती.

म्हणून थेऊरचा ‘जर’ टाकून देण्याचे कारण नाही. तो पुरता विचारला पाहिजे. माधवराव जगते तर काय झाले असते, याच्या पाठोपाठ एवढे मोठे राज्य सत्तावीस वर्षांच्या एका रोगजर्जर देहावर का विसंबून होते, हेही विचारावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने द्यावे लागते. दुसऱ्याचे उत्तर दप्तरांत आहे, आणि कर्त्या माणसाची वाट पाहत बसण्याची सवय असलेल्या कोणत्याही समाजाने ते वाचण्याजोगे आहे.