वाटाण्याच्या रोपाने दादासाहेब फाळकेंना पहिल्या सिनेमासाठी पैसा मिळवून दिला

मुंबईत येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म बघितली आणि फाळकेंच्या डोक्यात एकच खूळ शिरलं, आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचे. वय चाळिशीचं, पदरात लेकरं, छापखाना भागीदारांशी बिनसून सुटलेला. त्यात सतत सिनेमे बघून आणि प्रयोग करून काही काळ दृष्टीच गेली. डोळे बरे झाले, गडी पुन्हा तिथेच. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले.

पण सिनेमाला पैसा कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपली. थोड्याच वेळात बीचं रोप झालेलं बघून पैसे लावणारे पुढे आले. तरी कमी पडलं तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचं कामही त्यांच्याच अंगावर होतं. त्यांचं नाव मात्र फार कमी घेतलं जातं.

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र' लागला.