सरकारी दवाखाना ‘उद्योग’ ठरला, वकिलाचं ऑफिस मात्र सुटलं : न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांची गोष्ट

१९५४ सालची गोष्ट. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना नोकरीवरून कमी करण्यात आलं. दुसऱ्या खात्यातून कमी झालेल्या सरकारी नोकरांना त्यांच्या जागी घ्यायचं होतं.

तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा सांगायचा की, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार द्या आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्या. ती भरपाई इथे दिली नव्हती. कामगार संघटना कोर्टात गेली, तेव्हा सरकारचं म्हणणं होतं की हा कायदा उद्योगांसाठी आहे. हॉस्पिटल म्हणजे काही गिरणी नाही. इथे नफा नाही आणि मालही तयार होत नाही. मग भरपाई कसली ?

हायकोर्टाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी १९६० मध्ये तिथेही सरकार हरलं. कोर्टाने सांगितलं, मालक आणि नोकर मिळून पद्धतशीरपणे लोकांना सेवा पुरवत असतील तर ते काम उद्योगच आहे. नफा होतो की नाही, हा मुद्दाच नाही.

हा निकाल लिहिणारे न्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

कामगार कायद्याचा अभ्यास करणारा कुठलाही वकील, मग तो मालकांचा असो की युनियनचा, हे नाव टाळून पुढे जाऊ शकत नाही. विशेष म्हणजे या माणसाची सुरुवात गिरण्या, संप, बोनस यांच्यापासून फार लांब झाली होती.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ चा, साताऱ्यातला. घराणं मूळचं कर्नाटकातल्या गजेंद्रगडचं. वडील संस्कृतचे पंडित, तर थोरले भाऊ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. शाळा साताऱ्यात झाली. पुढे धारवाडचं कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९२४ मध्ये एम. ए. आणि १९२६ मध्ये पुण्याच्या लॉ कॉलेजातून एलएल. बी. करून त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली.

ही वकिली अपील शाखेतली. तेव्हा मुंबई हायकोर्टाचे सरळ दोन भाग होते. मुंबई शहरातले व्यापाराचे, कंपन्यांचे मोठे खटले मूळ शाखेत चालायचे आणि तिथे बॅरिस्टर मंडळींचा दबदबा असायचा. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी जमीन, वारसा, दत्तक यांची अपिलं अपील शाखेत यायची. गजेंद्रगडकर त्या शाखेत नावारूपाला आले ते हिंदू कायद्याचे जाणकार म्हणून. दत्तक घेण्यावरच्या ‘दत्तकमीमांसा’ या जुन्या संस्कृत ग्रंथाचं संपादनही त्यांनी केलं. १९४५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

कामगारांच्या मोठ्या प्रश्नाशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते १९५५ मध्ये, बँकांच्या भांडणात.

बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाद त्याआधी पाच-सहा वर्षं चिघळत होता. सेन न्यायाधिकरणाचा निवाडा सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये रद्द ठरवला. मग शास्त्री न्यायाधिकरण आलं. त्यावर अपील झालं आणि अपिलात जे ठरलं त्यात १९५४ मध्ये केंद्र सरकारनेच बदल केले. त्याचा निषेध म्हणून केंद्रीय कामगार मंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. हेच गिरी पुढे राष्ट्रपती झाले. वातावरण तापल्यावर सरकारने आयोग नेमला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे हे काम होतं, पण त्यांचं निधन झालं आणि जबाबदारी गजेंद्रगडकरांकडे आली. त्याच वर्षी त्यांचा अहवाल आला आणि त्याच्या आधारे संसदेने कायदा केला.

जानेवारी १९५७ मध्ये ते सुप्रीम कोर्टात पोहोचले. ही वेळ महत्त्वाची होती. १९५० पासून कामगारांच्या खटल्यांसाठी एक वेगळं अपिली न्यायाधिकरण होतं. १९५६ च्या कायदादुरुस्तीने ते बंद झालं. त्यामुळे देशभरातल्या औद्योगिक न्यायाधिकरणांच्या निवाड्यांवर नाराज असलेला पक्ष थेट सुप्रीम कोर्टात येऊ लागला. असे खटले ढिगाने आले आणि त्यातले अनेक महत्त्वाचे निकाल गजेंद्रगडकरांच्या हातून लिहिले गेले.

इथे मालकांच्या वकिलांची बाजूही समजून घ्यायला हवी. औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ३६ वकिलांना फारसं जवळ करत नव्हतं. तडजोडीच्या बोलण्यांत वकील चालत नसे. न्यायाधिकरणासमोर वकील द्यायचा तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही लागत. हेतू हा की, पैसेवाल्या कंपनीने नामांकित वकील उभा करायचा आणि कामगाराने एकट्याने लढायचं, असं होऊ नये. मात्र संघटनेचा पदाधिकारी बाजू मांडू शकत होता. त्यामुळे वकिलीचं शिक्षण घेतलेली माणसं पदाधिकारी म्हणून उभी राहायची वाट खुली राहिली. सुप्रीम कोर्टात तर असं बंधनच नव्हतं.

म्हणजे मालकांचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडलं जायचं ते गजेंद्रगडकरांसारख्यांच्या समोर. आणि ते म्हणणं त्यांनी प्रत्येक वेळी फेटाळलं असंही नाही.

बोनसचंच बघा. बोनस म्हणजे मालकाची दिवाळी बक्षिशी की कामगाराचा हक्क, हा जुना वाद. मुंबईच्या गिरण्यांच्या खटल्यात १९५० मध्ये अपिली न्यायाधिकरणाने एक हिशेब ठरवून दिला होता. एकूण नफ्यातून घसारा, यंत्रं बदलण्यासाठीचा निधी, कर, भरलेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलावरचा परतावा आधी वजा करायचा. उरलं तर त्यात कामगारांचा वाटा. १९५९ मध्ये असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात हे सूत्र बदलायची मागणी झाली. गजेंद्रगडकरांनी सूत्र कायम ठेवलं. यंत्रांसाठीचा निधी आधी काढायचा हे त्यांनी मान्य केलं, म्हणजे मालकांचा महत्त्वाचा मुद्दा टिकला. मात्र तो आकडा कंपनीने नुसता सांगून चालणार नाही, पुराव्याने सिद्ध करावा लागेल, हेही बजावलं. पुढे बोनस आयोग आला आणि १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के बोनस सक्तीचा केला. आज हा किमान दर ८.३३ टक्के आहे.

किमान वेतनावर मात्र ते ठाम होते. क्राउन अॅल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात त्यांनी लिहिलं त्याचा अर्थ असा की, कंपनी अडचणीत असेल तर पगाराची रचना खालीही आणता येईल, पण जगण्यापुरत्या किमान पगाराच्या खाली नाही. तेवढंही देता येत नसेल तर त्या मालकाला धंदा चालवायचा हक्क नाही.

मग आलं १९६२ साल आणि एक अवघड प्रकरण.

मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मच्या कारकुनांनी आणि इतर नोकरांनी बोनस मागितला. जे. जे. चा निकाल ताजा होता. हॉस्पिटल जर उद्योग, तर वकिलांचं ऑफिस का नाही ? तिथेही मालक आहे, नोकर आहेत, रोजचं काम आहे.

गजेंद्रगडकरांनी नाही म्हटलं. त्यांचा तर्क असा होता की, अशिलाला मिळते ती सॉलिसिटरची विद्या आणि अक्कल. टायपिस्ट आणि कारकून मदत करतात, पण त्या सल्ल्याशी त्यांच्या कामाचा थेट संबंध नसतो. म्हणून हा उद्योग नाही. दिल्ली विद्यापीठाने विद्यार्थिनींसाठीची बस बंद करून चालकांना काढलं होतं; पुढच्याच वर्षी त्या खटल्यातही त्यांनी शिक्षण हा उद्योग नाही असा निकाल दिला.

टीका होणारच होती. वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला मिळालेलं संरक्षण वकिलाच्या कारकुनाला आणि विद्यापीठाच्या ड्रायव्हरला का नाही, याचं समाधानकारक उत्तर पुढच्या अनेक न्यायाधीशांनाही सापडलं नाही.

१ फेब्रुवारी १९६४ ला गजेंद्रगडकर भारताचे सरन्यायाधीश झाले आणि मार्च १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डिसेंबर १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. १९६९ मध्ये या आयोगाचा अहवाल आला. संप-टाळेबंदीचे वाद सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्यासाठी स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोग नेमा, ही त्यातली मोठी शिफारस. ती कागदावरच राहिली. याच अहवालाने असंघटित कामगारांचा वेगळा विचार केला. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

मधल्या काळात त्यांच्या निकालांचं नशीब मात्र फिरत राहिलं. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने जे. जे. चा निकाल चुकीचा ठरवला. फेब्रुवारी १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने तो पुन्हा बरोबर ठरवला आणि त्याच निकालात सॉलिसिटर व दिल्ली विद्यापीठ हे त्यांचेच दोन निकाल मोडीत काढले. म्हणजे गजेंद्रगडकरांनी १९६० मध्ये दिलेली कसोटी गजेंद्रगडकरांच्याच नंतरच्या निकालांवर मात करून गेली. हे त्यांच्या हयातीत घडलं. १२ जून १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

वाद तरीही मिटला नाही. १९८२ मध्ये संसदेने हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्था व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती केली, पण ती कधी लागूच केली नाही. २०१७ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

हे सगळं दिल्ली-मुंबईच्या कोर्टातलं वाटेल. पण बीड तालुक्यातल्या नेकनूरसारख्या गावांच्या परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि पाच-सहा महिने फडातलं पाल. ऊस जातो कारखान्यात, पण हिशेब असतो मुकादमाशी. अपघात झाला, मजुरी बुडाली, तर जबाबदार कोण, या प्रश्नावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. हा कामगार नेमका कुणाचा, इथेच गाडी अडते.

कायद्याचं संरक्षण किती आहे याच्या आधी ते कुणाला आहे हे ठरावं लागतं. जे. जे. च्या त्या दोन कर्मचाऱ्यांना भरपाईच्या आधी हेच सिद्ध करावं लागलं होतं. गजेंद्रगडकरांनी ही रेघ एकदा लांबवर नेली आणि पुढे स्वतःच आखडती घेतली. फडातल्या कोयत्यापर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली नाही.