लंडनमध्ये लिबरल पक्षाची लाट आली अन् गोपाळ कृष्ण गोखलेंनी आपली सगळी पुण्याई पणाला लावली

1916 च्या मे-जूनमध्ये लोकमान्य टिळकांनी अहमदनगरला स्वराज्यावर भाषणं केली आणि सरकारनं त्यांच्यावर राजद्रोहाचा बडगा उगारला. तेव्हा लंडनमध्ये पंतप्रधान होते लिबरल पक्षाचे अ‍ॅस्क्विथ. स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणारा हाच तो पक्ष. त्याच्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी दहा वर्षं आधी केवढी भिस्त ठेवली होती!

गोखले 1866 चे, गुहागरजवळच्या कोतळूकचे. घरची गरिबी. पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक आणि न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य. बर्क आणि मिल वाचून त्यांची पक्की समजूत झाली होती, की इंग्रजांना त्यांचीच तत्त्वं दाखवून दिली तर ते ऐकतील.

1905 मध्ये तिकडे निवडणुकीचे वारे वाहत होते. गोखले इंग्लंडला गेले, सभा घेतल्या, हिंदुस्थानची बाजू मांडली. परत येऊन बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि वसाहतींसारखं स्वराज्य हे ध्येय त्यांनी तिथं मांडलं.

जानेवारी 1906 मध्ये मतदान सुरू झालं आणि लाटच आली. 670 पैकी सुमारे 400 जागा लिबरलांना. माजी पंतप्रधान बाल्फोर स्वतःच्या मतदारसंघात पडले. भारतमंत्री होते जॉन मोर्ले, मिलचेच अनुयायी. गोखल्यांना याहून अनुकूल माणूस कुठला मिळणार? त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला जाऊन मोर्लेंना अनेकदा भेटले.

पण मोर्लेंनी बंगालची फाळणी ही झालेली गोष्ट असल्याचं संसदेत सांगून टाकलं. 1908 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. 1909 च्या सुधारणांनी कायदे मंडळं मोठी केली, पण मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघही आणले. भारतात संसदीय राज्य आणायचा आपला इरादाच नाही, हेही मोर्लेंनी स्पष्ट केलं होतं. त्याआधी सुरतेला काँग्रेस फुटली आणि मवाळ म्हणून गोखल्यांची चेष्टा झाली. ती थोडी अन्यायाचीच होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणून, ते 1912 मध्ये फेटाळलं गेलं तरी ते झगडत राहिले.

मधुमेहानं खंगलेले गोखले 19 फेब्रुवारी 1915 ला गेले, वय अवघं 48. लिबरलांना 1906 नंतर स्वबळावर बहुमत कधीच मिळालं नाही. 1916 च्या अखेरीस पक्षच दुभंगला.

नगरच्या भाषणांत टिळकांनी ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखालचंच स्वराज्य मागितलं होतं, बनारसला गोखल्यांनी मांडलेल्या ध्येयासारखंच. नोव्हेंबर 1916 मध्ये मुंबई हायकोर्टानं टिळकांविरुद्धचा आदेश रद्द केला.