हिराबाई बडोदेकर : तिकिटाने दिलेली प्रतिष्ठा

कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावीही आज एखाद्या शिक्षकाची वा कारकुनाची मुलगी तानपुरा घेऊन व्यासपीठावर बसली, तर त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. ही सहजता आपोआप आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी गाणारी स्त्री म्हणजे कोणा धनिकाच्या मर्जीवर जगणारी स्त्री, असे समीकरण समाजाने पक्के केले होते. ते मोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने बडोद्याच्या. पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलांचा भार ताराबाईंवर पडला. बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंची तालीम झाली. १९२१ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या जलशात त्या प्रथम जाहीरपणे गायल्या. पुढे त्यांनी तिकीट लावून स्वतःची मैफल केली. असे धाडस करणाऱ्या त्या पहिल्या गायिका मानल्या जातात.

ही बाब वरवर क्षुल्लक भासते; परंतु तिच्यात मोठे अर्थकारण दडलेले आहे. आश्रयदाता पैसा देतो तो व्यक्तीस, आणि त्या पैशाबरोबर तिच्यावर अधिकारही सांगू पाहतो. तिकीट काढणारा श्रोता केवळ गाण्याचे मोल देतो. मैफल संपताच त्याचा हक्कही संपतो. शेकडो अनोळखी रसिकांत विभागलेल्या या मिळकतीने गायिकेस एकाच्या उपकारातून सोडविले. ताराबाईंनी उभी केलेली नाटक मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा कुटुंबास आधार झाला तो हिराबाईंच्या मैफलींचाच.

अर्थात नुसत्या तिकिटाने प्रतिष्ठा लाभत नाही. साधा वेश, हावभावांना दिलेला फाटा आणि अत्यंत संयत वर्तन यांची किंमत हिराबाईंना आयुष्यभर मोजावी लागली. पुरुष गायकाकडे असा दाखला कोणी मागितला नाही. आणि तितक्याच गुणी असूनही हा दाखला ज्यांना देता आला नाही, अशा कित्येक गायिका उपेक्षेतच संपल्या, हेही विसरता कामा नये.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६५ साली आणि पद्मभूषण १९७० साली हिराबाईंकडे चालत आले. १९८९ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांनी गायनाबरोबरच स्वतःच्या बंदिशीही रचल्या आणि हा वारसा २०२४ सालापर्यंत पुढे नेला.

मात्र आपल्या गावोगावच्या समारंभांतून आजही कलावंताची शाल-श्रीफळावर बोळवण होते आणि त्यालाच सत्कार म्हटले जाते. कलेचे मोल रोख व मानाने चुकते करणे, हीच हिराबाईंना खरी आदरांजली ठरेल.